तिसरं पाणी

१२ फेब्रुवारी

काका,

शाळेच्या पत्रलेखनात मी 'शिरसाष्टांग नमस्कार' लिहिला की तुम्ही म्हणायचात, आधी आठ अंगं मोजून दाखव. मला सहाच्या पुढे कधी जाता आलं नाही. म्हणून आज नमस्कार नुसताच.

परवा तुम्हाला फोन केला होता. मी विचारलं, तब्येत कशी आहे. तुम्ही म्हणालात, हो हो, जेवलो. मी जरा मोठ्याने विचारलं, तर राँग नंबर म्हणून ठेवून दिलात. तीस वर्षं आपल्या धुलाईखान्यात पिळणीच्या मशीनशेजारी उभ्या राहिलेल्या माणसाला फोन करायचा म्हणजे माझंच डोकं फिरलेलं. तेव्हा यापुढे पत्र.

कामाचं आधी लिहिते. तुम्ही काम सोडल्यापासून दोन नंबरचं मशीन रुसलंय. दारातून पाणी गळतं. रबर बदललं तरी गळतंच. फिटर दोनदा आला आणि डोकं खाजवून गेला. तुम्ही काय करायचात?

बाकी सगळं झकास. फळ्यावर आज अकरा लिहिलंय. एका किलो कपड्याला अकरा लिटर पाणी! मी कारभार हातात घेतला तेव्हा एकोणीस लागत होतं, आठवतं ना? पाणी वाचवणारा कारखाना म्हणून मिळालेलं प्रमाणपत्र बाबांनी स्वतःच्या खुर्चीसमोर लावून घेतलंय. अर्धांगवायूनंतर ते त्या खुर्चीतून फारसे हलत नाहीत, त्यामुळे आला-गेला त्यांच्या तावडीत सापडतो. "माझी मुलगी" अशी सुरुवात करतात आणि समोरच्याचा चहा गार होईपर्यंत थांबत नाहीत. दादा परदेशी जाईपर्यंत या घरात सगळी वाक्यं "माझा मुलगा" अशी सुरू व्हायची. त्यामुळे मला अजून जरा अवघडल्यासारखं होतं.

प्रसूतिगृहाच्या मेट्रनबाई भेटल्या होत्या. त्या सातही बाळांच्या अंगावरचं पुरळ केव्हाच गेलं. चादरी आपल्याकडेच धुवायला येतायत. तेव्हा तो विषय आता संपला. तुम्हीही मनातून काढून टाका.

तुमची
चिंगी

२१ फेब्रुवारी

मालकीणबाई, म्हणजे चिंगे,

फिटरला म्हणावं, रबराचा पिच्छा सोड आणि खालची बिजागरी बघ. ती झिजून दार झुकलंय. बिजागरीखाली एक वायसर सरकव. ते मशीन रुसत नाही, माणसांना कामाला लावतं.

इकडे बरं आहे. लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर, हवा येते. नात दोन महिन्यांची झाली. तिचं नाव काय ठेवायचं यावरून दोन्ही घरांत अजून एकमत नाही. मी तिला गाठोडं म्हणतो. धंद्याची सवय, दुसरं काय.

मनातून काढून टाका असं लिहिलंस. तू लिहिणारच, तुझा स्वभाव मोठा आहे. पण मला ते निघत नाही. दोन नंबरला साबण काढायच्या प्रत्येक पाण्यानंतर भोंगा होतो, तीन भोंगे झाले की चादरी काढायच्या, हे मी झोपेतसुद्धा करीन. त्या आठवड्यात मला दोनच ऐकू यायचे. मग मशीन बराच वेळ गप्प. मला वाटायचं, तिसरं पाणी होऊन गेलं आणि भोंगा आपल्या कानांना लागला नाही. म्हणून दार उघडायचो. आता वाटतं, म्हाताऱ्या माणसाचा 'बराच वेळ' तो केवढा असणार. मी मधेच उघडत होतो आणि साबण तसाच चादरीत राहत होता. पाच दिवस!

पूर्वी मी ओली चादर चिमटीत धरून बघायचो. साबण असेल तर बोटं बुळबुळतात, नसेल तर कापड करकरतं. तू फळा लावलास त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणालीस की बोटांनी परीक्षा घ्यायचे दिवस गेले, आता मीटर सांगेल. मीही हात आवरला. तू बरोबरच होतीस, पण एकदा तरी चोरून चिमटीत धरायला हवी होती.

खरं म्हणजे मी इथे आलो तो बाळाला सांभाळायला. लेकीला कामावर जायचंय. दुपारी तीन तास गाठोडं माझ्याजवळ, असं ठरलं होतं. मीच तिला सगळा प्रकार सांगितला. म्हटलं, ट्रकसारखा ओरडणारा भोंगा ज्याला ऐकू येत नाही त्याच्या भरवशावर लेकरू टाकू नकोस. तिने शेजारच्या बाईंना बाळ सांभाळायला सांगून ठेवलंय. मी त्यांच्यासमोर पेपर धरून बसतो.

तुझ्या बाबांना सांग, मला त्यांच्यासमोर यायचं धाडस होत नाही.

काका

२ मार्च

काका,

वायसर सरकवला. गळती बंद. फिटरने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच मोठी कारागीर. मी तुमचं नाव सांगितलं. सांगितलं, पण जरा उशिरा.

या पत्राबरोबर एक डबी पाठवतेय. कानातलं यंत्र आहे. नाही म्हणू नका. तुमच्याकडच्या कानाच्या डॉक्टरांकडून बसवून घ्या, त्यांना मी कळवलंय. तुम्ही बाळाजवळ पेपर धरून बसता हे वाचल्यापासून मला काही सुचत नाहीये.

इथे माझी धावपळ चालू आहे. व्यापारी मंडळींनी भाषणाला बोलावलंय. विषय काय, तर कामाच्या जागी पाणी जपण्याची सवय कशी रुजवावी! बाबांनी भाषण दोनदा म्हणून घेतलं. तिसऱ्यांदा मी 'माणसांवर विश्वास टाकला की' इथे अडखळले. बाबा म्हणाले, तिथे थोडी थांबत जा, चांगलं वाटतं.

तुमचे डोळे, गुडघे कसे आहेत? लिहा. आणि स्वतःला फार दोष देऊ नका. अशा गोष्टीला कधी एकच माणूस कारण नसतो.

चिंगी

२० मार्च

चिंगे,

डबी मिळाली. तू एवढा खर्च करायला नको होता. डॉक्टर पोरसवदा पण हुशार आहे. एका खोक्यात बसवून तासभर कानात शिट्ट्या वाजवल्या.

तो म्हणतो, तुमचे बारीक आवाज गेलेत. चमचा पडला, पाखरू बोललं, माणसाचं 'स' आणि 'फ', हे ऐकू येणार नाही, म्हणून फोनवरचं कळत नाही. जाड आवाज मात्र ठणठणीत आहेत. मी त्याला आपल्या भोंग्याचा आवाज काढून दाखवला. बाहेर बसलेले दोघे आत डोकावून गेले. डॉक्टर हसला आणि म्हणाला, हा तर तुम्हाला भिंतीपलीकडूनही ऐकू येईल.

मग तिसरा भोंगा गेला कुठे?

चार दिवस याच विचारात आहे. दुसरी गोष्ट आठवली. दुसऱ्या भोंग्यानंतर मी बाजूच्या टेबलावर चादरींच्या घड्या घालत थांबायचो. वीस घड्या व्हायच्या. माझ्या हाताने वीस घड्यांना दहा मिनिटं लागतात, तू लहानपणी घड्याळ लावून मोजायचीस. दोन पाण्यांच्या मधे मशीन दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबत नाही. म्हणजे ते थांबलं नव्हतं, त्याचं काम संपलं होतं.

चौकशीच्या दिवशी झाकणामागची, किती पाणी घ्यायचं ते ठरवणारी चकती तीन पाण्यांवर होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्याच्या आधी कुणी पाहिली होती का? त्या झाकणाची किल्ली तुझ्याकडे आणि माझ्याकडे. माझी तर माझ्या कमरेला होती.

आणि तू लिहिलंस की फळ्यावर अकरा. तीन पाण्यांत अकरा कसे येतात गं? मी कागदावर मांडून बघितलं, माझे येत नाहीत.

कुणावर आळ घेत नाही. नुसतं विचारतो.

काका

५ एप्रिल

काका,

चकती मी फिरवली होती.

हे वाक्य लिहायला मला पंधरा दिवस लागले. त्या पंधरा दिवसांत मी ते भाषणही देऊन आले. टाळ्या पडल्या.

डिसेंबरात ते प्रमाणपत्रवाले आठवडाभर मीटर बघणार होते. आकडा चौदाच्या खाली काही केल्या येईना. मी दारात पाऊल ठेवलं की बाबा रोज विचारायचे, उतरला का? दादाने फोनवर सहज म्हटलं की जमत नसेल तर हा धंदा विकून टाकू, तिची तरी किती ओढाताण. मला ते झोंबलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसले असताना मी झाकण काढलं आणि चकती तीनवरून दोनवर आणली. पाचच दिवस, असं स्वतःला सांगितलं. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही नाही म्हणाला असतात आणि मला ते ऐकावं लागलं असतं.

त्या आठवड्यात दोन नंबरला प्रसूतिगृहाच्या चादरी आहेत हे मला माहीत नव्हतं, असं मी आत्ता लिहिलं होतं. खोडलं. माहीत होतं.

तक्रार आली त्या सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन चकती परत तीनवर केली. मग बैठक. मेट्रनबाईंनी विचारलं, हे झालं कसं? मी बोलायला तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं, पण तुम्ही उठून उभे राहिलात आणि म्हणालात, "माझे कान." काका, मला हायसं वाटलं. सगळ्यात जास्त लाज मला त्याचीच वाटते. पुढे आठ दिवसांनी तुम्ही स्वतः किल्ली आणून टेबलावर ठेवलीत, तेव्हाही सांगता आलं असतं. मी त्याऐवजी निरोपाचं भाषण केलं आणि त्यात तुम्हाला प्रामाणिक म्हणाले.

अकराचं मला माहीत नाही. चकती तीनवर आणल्यावर आकडा वर जायला हवा होता. गेला नाही. मी का म्हणून विचारलंच नाही, मला तो आवडत होता.

तुमच्यासमोर उभं राहायचं तोंड नाही, म्हणून लिहून मोकळी होतेय. हाही भित्रेपणाच.

चिंगी

११ एप्रिल

तुझं पत्र तीनदा वाचलं.

मला राग आलाय. कशाचा ते नीट वाच. चकती फिरवलीस त्याचा थोडाच. तू हट्टी आहेस, आणि घरात कुणीतरी तुझ्याकडे बघावं म्हणून लहानपणापासून झाडावर चढून बसतेस. पण चार महिने तू मला माझ्याच कानांना दोष देत बसू दिलंस. माझ्या नातीला मी परक्या बाईच्या मांडीवर बघतोय हे मी तुला लिहिलं, आणि तू मला यंत्र पाठवलंस. ते परत पाठवतोय.

माफीबिफी मागू नकोस, मला ती ठेवायला जागा नाही. दोन कामं कर.

एक. जे मला लिहिलंस ते फळ्यावर लिही. मी ज्यांच्यासमोर उभा राहिलो त्यांच्यासमोर.

दोन. माझ्या लेकीला वाचता येईल असं एका ओळीत लिहून, खाली सही करून पाठव. तुझी आधीची पत्रं मी तिला दाखवणार नाही, ती आपल्या दोघांची. आणि मी नुसतं तोंडाने सांगितलं तर ती हो म्हणेल, पण मनात म्हणेल की आप्पा स्वतःची समजूत घालतायत.

पाण्याचं म्हणशील तर, तू ते वाचवायला निघालीस यात काही चुकलं नव्हतं. मागच्या गल्लीत नळाला दिवसातून दोन तास पाणी येतं आणि आपण दिवसभर ओततो, हे मलाही खुपायचं. म्हणूनच तुला दोनदा सांगितलं होतं की तिसरं पाणी जवळजवळ स्वच्छ असतं, ते टाकीत धरून पुढच्या खेपेला पहिलं म्हणून वापर. तू म्हणालीस, त्यासाठी भिंत फोडावी लागेल आणि तोवर तपासणी होऊन जाईल.

काका

२४ एप्रिल

काका,

सोमवारी सकाळी सगळे आल्यावर आकड्याच्या जागी लिहिलं, 'डिसेंबरात दोन नंबरचं तिसरं पाणी मी बंद केलं होतं. काकांचा दोष नव्हता.' खाली सही केली. 'दोष'मधला पोटफोड्या 'ष' खरोखरच पोट फुटल्यासारखा आला.

मी वळले. वाटलं होतं, कुणीतरी ओरडेल. त्याऐवजी इस्त्रीवाल्या मावशी पुढे आल्या, खडू मागून घेतला आणि माझ्या सहीखाली लिहिलं, 'अंगणातल्या नळाला मीटर नाही. आम्ही मशीनला पाइप रोज तिथून लावतो.' त्यांच्या मागून वजनकाट्यावरचे भाऊ आले. त्यांनी लिहिलं की काही गाठोडी ते ओली करून वजन करतात, म्हणजे किलो वाढतात आणि लिटर कमी दिसतात. मग आणखी दोघं. शेवटी फळ्यावर जागा उरली नाही, एकाने चौकटीवर लिहिलं.

हे कधीपासून, असं विचारलं. मावशी म्हणाल्या, "तुम्ही चांगला आकडा बघून हसायच्या आणि वाईट आकडा बघून नाव विचारायच्या. आम्ही काय करणार?"

काका, मी गावभर सांगत फिरले की आमच्याकडे पाणी जपायची सवय लागली. सवय लागली होती ती लपवायची, आणि ती मी लावली होती. अंगणातल्या नळाला मीटर बसवून, सुकं वजन करून आठवडाभर मोजलं. खरा आकडा एकवीस. मी आले तेव्हापेक्षा दोन जास्त.

प्रमाणपत्र स्वतः नेऊन परत दिलं. मेट्रनबाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मला बसा म्हणाल्या नाहीत. तीन महिने चादरी दुसरीकडे जातील, मग बघू म्हणाल्या. सातही घरांना मला पत्रं लिहायची आहेत, त्यांनी पत्ते दिलेत. तीन लिहून झाली.

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं, हेच नवल. मग भिंतीवरच्या मोकळ्या खिळ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "त्याच्या हातून तीस वर्षांत एक चादर खराब गेली नव्हती. आणि मी त्याला एका शब्दाने विचारलं नाही." नंतर माझ्याकडे न बघता म्हणाले की आकडा उतरला का हे त्यांनी रोज विचारलं, कसा उतरला हे कधीच विचारलं नाही. त्या दिवसापासून आमच्यात जेवणापुरतं बोलणं आहे. माझी मुलगी, हे आता ते कुणाला म्हणत नाहीत.

भिंत काल फोडली. टाकी कुठे बसवायची ते मावशींनी खडूने आखून दिलंय, मला न विचारता. बरं वाटलं.

कागद सोबत आहे. एकच ओळ, सहीसकट. माफी लिहिली नाही. हात शिवशिवला होता.

चिंगी

३ मे

चिंगे,

टाकीचा तळ उताराचा कर, नाहीतर गाळ साचून वास मारेल. मावशींना विचार, त्यांना कळतं. एकवीस वाचून मी मोठ्याने हसलो, गाठोडं दचकून उठलं. खरा आकडा आहे, तो खाली येईल. घाई करू नकोस.

तुझ्या बाबांना म्हणावं, त्यांचा डावा हात चालतो, मला दोन ओळी लिहायला हरकत नाही. मी कामावर परत येणार नाही. भेटायला येईन, पण राग उतरल्यावर. पूर्वी माझा राग संध्याकाळपर्यंत उतरायचा, हा वेळ घेतोय. तू रोज लिहून तो उतरवू पाहू नकोस. त्या राहिलेल्या चार घरांना लिही.

कागद आला तेव्हा लेक निघायच्या गडबडीत होती. मी काही न सांगता तो तिच्या हातात दिला. तिने उभ्या उभ्या वाचला, मग खुर्चीवर बसून पुन्हा वाचला. मला वाटलं, काहीतरी विचारेल. तर ती शेजारी जाऊन त्या बाईंना आजपासून नको म्हणून सांगून आली, बाळाला माझ्या मांडीवर ठेवलं आणि दुधाची बाटली कुठे आहे ते दाखवलं. मग चपला घातल्या आणि कामाला गेली. दारातून एकदाही मागे वळून बघितलं नाही.

काका